मुलांचा डे-केअर वॉर्ड, दीड वर्षाचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणार आहे. ज्यांच्या घरात सारखी सुई टोचून घ्यावी लागणारं लेकरू आहे त्यांच्यासाठी लिहालेय, बाकीच्यांनी डायरेक्ट खालचं बिलिंग आणि पार्किंगचं वाचलं तरी चालेल.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. माझी मनू सात वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्तच नीट तयार होत नाही. नऊ महिन्यांची असताना कळलं, तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. प्रत्येक वेळी एक सुई क्रॉसमॅचच्या (रक्त जुळतंय का बघायच्या) सॅम्पलसाठी, दुसरी कॅन्युलाची, म्हणजे रक्त चढवायला शिरेत ठेवतात त्या नळीची, आणि शीर नाही सापडली की तिसरी, चौथी. पोर सात वर्षांची पण सुया दोनशेच्या वर झाल्या असतील, मोजणं मी कधीच सोडलं.

दीड वर्षापूर्वीपर्यंत आम्ही दुसरीकडे जायचो, नाव घेत नाही, रक्त वेळेवर मिळायचं, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण सुईच्या वेळी एक ब्रदर पाय धरणार, एक सिस्टर खांदे दाबणार, आणि मला म्हणायचे तुम्ही बाहेर थांबा ओ वहिनी, आई दिसली की जास्त रडतात. मी पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी. पाच वर्षांची झाली तोवर मनूला न सांगताच कळायला लागलं होतं, रात्री तिचं दप्तर भरलं नाही की उद्या दवाखाना, मग जेवायचीच नाही. एकदा तर बेळगावचा आरपीडी क्रॉस आला तसं बसमध्येच उलटी केली. मला वाटायचं आजारच असला आहे, काय करणार, सोसायचंच. रक्ताचं प्रमाण, अंगात साठलेलं लोह काढायच्या गोळ्या, फेरिटिनचे (लोह किती साठलंय त्याचे) रिपोर्ट सगळ्याबद्दल डॉक्टरांना विचारायचे मी, पण तिला दुखतंय त्याचं काय, हे इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. ते आजही मनाला लागतं.

इथे पहिल्यांदा आलो तेव्हा सिस्टरने सुईचा ट्रे आणलाच नाही. एक छोटी ट्यूब आणली, दोन्ही हातांच्या मागे आणि एका कोपराच्या आत पांढऱ्या क्रीमचा जाडसर थर ठेवला, चोळला नाही, वरून पारदर्शक पट्टी चिकटवली आणि पेनने पट्टीवर वेळ लिहिली, ९:४०. मनूला म्हणाली जा आता एक तास खेळून ये. मनू माझ्याकडे बघालती, मी सिस्टरकडे.

ती क्रीम म्हणजे लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही अडीच अडीच टक्के, कातडी बधिर करणारी. नवीन काही नाही, जगात कित्येक वर्षं वापरात आहे, आपल्याकडे मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. मग इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलं का नाही? इथल्या डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, एक तास थांबायला कुणाकडे वेळ नसतो म्हणून. तासभर लागतोच, पंधरा मिनिटांत पुसली तर उपयोग शून्य. पुसल्यावर कातडी पांढरी पडते, शिराही थोड्या आकसतात, म्हणून इथल्या सिस्टर पुसून पाच-दहा मिनिटं थांबतात, हाताला ऊब देतात, मग टोचतात. तेवढ्याने बधिरपणा जात नाही, काढल्यावरही पुढे तास-दोन तास टिकतो.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कुणाला उपयोग होईल. क्रीम घरीच लावून निघतो. कुठे लावायची ते सिस्टरने शिरा बघून दाखवलंय, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळते. आठच्या बसला बसलं की इथे पोचून नंबर लागेपर्यंत तास होतोच. मनू खिडकीकडे बसते, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एकदा शेजारच्या आज्जीने विचारलं, एनातव्वा (काय झालं गं), भाजलं काय? तर मनूच म्हणाली, नाही ओ आज्जी, हात झोपवलेत. एक मात्र लक्षात ठेवा, मनाने कुठेही कितीही लावायची नाही. जखमेवर नाही, डोळ्याजवळ नाही, आणि तान्ह्या बाळांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, जास्त झाली तर रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायला अडचण येते, बाळ निळं पडू शकतं. काही सल्फाची औषधं चालू असतील किंवा जी६पीडीचा त्रास (रक्तपेशींतलं एक एन्झाइम कमी असणं) असेल तर ते पण आधी सांगायचं.

पण नुसत्या क्रीमने भागलं असतं तर मी चार ओळीत रिव्ह्यू संपवला असता. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला 'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं' असं म्हणू नका, दुखलं की तिचा तुमच्यावरचा विश्वास जातो. सारखं 'सॉरी बाळा, झालं बाळा' पण नको, त्याने मुलं आणखी घाबरतात, आई सॉरी म्हणते म्हणजे काहीतरी वाईट होणार असं त्यांना वाटतं. काय करणार आहेत ते खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि मग दुसऱ्या गोष्टीत गुंतवा. आडवं पाडून धरायचं नाही. मनू माझ्या मांडीवर, माझ्याकडे तोंड करून, तिचे पाय माझ्या कमरेभोवती, एक हात माझ्या काखेखालून मागे, तो सिस्टरकडे. बाहेरून बघितलं तर मी नुसती कुशीत घेतलीय. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली, मोठा फुगा करायचा तर श्वास हळू सोडावा लागतो, आणि हळू श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं. तीन फुगे झाले, चौथा फुटला, तेव्हा ती म्हणाली, सिस्टर कधी टोचणार? टोचून झालं होतं. कॅन्युलावर पट्टी लागत होती.

मी तिथेच रडले. मनूच मला विचारालती, आई तुला कुठं दुखलं.

एका दिवसात भीती गेली असं मात्र नाही. सहा-सात फेऱ्या गेल्या रात्रीचं जेवण नीट व्हायला, आणि मध्ये एकदा शीर सापडली नाही तेव्हा ती ओरडलीच. पण त्या दिवशी सिस्टर दोन प्रयत्नांनंतर थांबली आणि दुसऱ्या सिनियर सिस्टरला बोलावलं, तिसऱ्यांदा स्वतः केलं नाही. सॅम्पलची सुई पण वेगळी नाही, कॅन्युला लावतानाच तिच्यातून रक्त घेतात. दोनाची एक झाली.

वॉर्डच्या भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता आहे, हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत, खाली ० ते १०. वाँग-बेकर म्हणतात त्याला, १९८०च्या दशकात अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या दोघींनी लहान मुलांसाठी केलेला. आपल्या भागासाठी तर हा तक्ता म्हणजे वरदान आहे बघा. या वॉर्डात शेजारशेजारच्या बेडवर एक खानापूरची, एक चिकोडीकडचा, एक गोकाकचा, एकजण घरी उर्दू बोलणारा, सिस्टर केरळच्या. कोण कुणाला काय सांगणार? पण सगळी पोरं त्याच सहा चेहऱ्यांवर बोट ठेवतात आणि सिस्टर आकडा फाईलमध्ये लिहिते, ताप-नाडीच्या रांगेतच. एकदा मनू शांत बसून मोबाईलवर कार्टून बघालती, मला वाटलं सगळं ठीक, राउंडला आलेल्या सिस्टरने तक्ता धरला तर हिने ८ वर बोट ठेवलं. सलाईन शिरेबाहेर गेली होती, हात सुजायला लागला होता. ती रडली नव्हती कारण आधीच्या ठिकाणी न रडण्याबद्दल शाबासकी मिळायची. शहाणी आहे, रडत नाही, हे मी पण कौतुकाने सांगायचे लोकांना.

मॅडम धारवाडच्या, मराठी आमच्याकडेच शिकल्या. त्यांच्या वहीत कानडी अक्षरात मराठी शब्द लिहिलेले मी बघितलेत, ठणका, कळ, चमक, सल, आग, ठसठस, मुंग्या. कुठला शब्द पोरगं वापरतं त्यावरून त्यांना अंदाज येतो म्हणे, आग आणि मुंग्या म्हणालं की नस बघायची, थांबून थांबून कळ म्हणालं की आतडं, ठसठस म्हणजे पू-सूज आहे का बघायची. 'दुखतंय' एवढ्या एका शब्दावर त्या थांबत नाहीत. कसं दुखतंय सांग बघू, असं बसून विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. घाईच्या ओपीडीत एवढं कोण थांबतं.

मनूचा भाऊ तीन वर्षांचा, त्याचं हर्नियाचं ऑपरेशन पण गेल्या पावसाळ्यात इथेच झालं. भूल दिल्यावर, झोपेतच, माकडहाडाच्या वर एक इंजेक्शन देतात, कॉडल ब्लॉक, त्याने कमरेखालचा भाग चार-सहा तास बधिर राहतो, त्यामुळे जाग आली ती रडत नाही आली, दूध मागत आली. पुढचे दोन दिवस पॅरासिटामॉल घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, तो १४ किलोचा म्हणजे २१०, आणि आमचं सिरप ५ मिलीत २५० वालं म्हणून ४.२ मिली, हा हिशोब सिस्टरने बाटलीवर चिकटवून दिला. तुमच्या मुलासाठी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण बाटलीवर १२० की २५० ते नक्की बघा, दोन्ही सारख्याच दिसतात आणि बाटली बदलली की डोस दुप्पट. आयबुप्रोफेन दिलं तर भरल्या पोटी, आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही, पावसाळ्यात आपल्याकडे हे विसरून चालत नाही. निमेसुलाइड ही ताप-दुखण्याची गोळी १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे, तरी माझ्या सासूबाईंच्या डब्यात जुनी पट्टी निघाली आणि त्या अर्धी गोळी पोराला द्यायच्या बेतात होत्या. टाकून दिली. कोडीन या दुखण्याच्या औषधाचंही तसंच, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार भराभर होतं आणि श्वास मंदावतो, टॉन्सिल ऑपरेशननंतर मुलं दगावली तेव्हा कळलं, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ च्या सूचनांत मुलांच्या दुखण्यासाठी ते नको असंच सांगितलं.

हे सगळं वाचायला लागले आणि एक गोष्ट वाचून दोन दिवस झोप नाही लागली. १९८०च्या दशकापर्यंत मोठमोठ्या हॉस्पिटलांत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं नीट भूल न देता व्हायची, स्नायू हलू नयेत एवढंच औषध द्यायचे, कारण समज असा की एवढ्याशा बाळाला दुखणं कळत नाही. १९८५ ला वॉशिंग्टनमध्ये अवघ्या २६ आठवड्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं हृदयाजवळचं ऑपरेशन असंच झालं, बाळ काही आठवड्यांनी गेलं, आणि आईने कागद मागवले तेव्हा तिला कळलं. ती गप्प बसली नाही. आणि त्याच सुमारास हे चुकीचं आहे हे मोजून दाखवणारा डॉक्टर आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला, कंवलजीत आनंद, ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेला आणि १९८७ ला दाखवून दिलं की नीट भूल दिलेली बाळं ऑपरेशनमधून जास्त सुखरूप बाहेर येतात. माझं स्वतःचं जन्मसाल १९८९. म्हणजे मी जन्मायच्या दोनच वर्षं आधी मोठमोठ्या डॉक्टरांना हे पटवून द्यावं लागत होतं.

जाऊबाईंचं दीड महिन्याचं बाळ लसीला आणलं होतं तर इथे आधी पदराखाली घ्यायला लावलं आणि बाळ पीत असतानाच टोचलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची सूचना तशीच आहे, आणि सगळ्यात जास्त दुखणारी लस सगळ्यात शेवटी द्यायची. एक रुपया जास्त लागत नाही यात.

आता मोठ्या मुलांचं. माझ्या नणंदेची मुलगी, निपाणीची, नववीत, खो-खो खेळायची. घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल, तिकडे कुणीतरी सहा आठवडे प्लास्टर घातलं, आणि प्लास्टर काढलं तर पाय आधीपेक्षा वाईट. थंडगार, जांभळट, मोजा सोडा, चादरीचा काठ लागला तरी किंचाळायची. घरात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, नाटक करते, परीक्षा टाळते, आणि एका मावशीने तर लिंबू उतरवून टाकलं. पोरगी बोलायची बंद झाली होती. मी जबरदस्तीने इथे आणलं. मॅडमनी पहिलं वाक्य बोललं ते, तुझं दुखणं खरं आहे, मला पटलंय. ती तेव्हा जी रडली ना.

मग समजावून सांगितलं, आणि आमच्या भाषेत सांगितलं. रानात गवे येतात म्हणून माळ्यावर राखणदार डबा वाजवतो, गवे निघून गेले तरी घाबरलेला राखणदार डबा वाजवतच राहतो, तशा हिच्या नसा वाजवतायत. जखम भरली, पण राखणदाराला अजून पटलं नाही. सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) म्हणतात याला, या वयातल्या मुलींमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेकदा पायातच. आराम दिला की वाढतो, प्लास्टरने तर वाढतोच. उपाय म्हणजे रोज फिजिओथेरपी, पाय टेकवायचा, आणि कातडीला परत सवय लावायची. आधी कापूस फिरवायचा, मग सुती फडकं, मग टॉवेल, मग पाय तांदळाच्या घमेल्यात. नणंद मला फोनवर रोज सांगायची, आज टॉवेलवर आली, आज तांदळात दोन मिनिटं. सोबत समुपदेशकाकडे आठवड्याला एकदा, कारण दुखेल दुखेल या धास्तीने पण नसा तापतात, आणि शाळा बंद करायची नाही, आधी अर्धा दिवस मग पूर्ण. गोळ्या अगदी थोड्या. व्यायाम, मनाचं बळ आणि औषध तिन्ही एकत्र, २०२० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही मुलांच्या जुनाट दुखण्याबद्दल हेच सांगतात. पाच महिने लागले. आता ती मोजा घालते, चालते, थोडी पळते. खो-खोच्या टीममध्ये अजून नाही, थंडीत पाय अजून कुरकुरतो. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही.

आता एक स्टार का कापला ते.

या मॅडम आठवड्यातून दोनच दिवस असतात. बाकीच्या दिवशी आणि विशेषतः रात्रपाळीला तक्ता भिंतीवरच राहतो, सिस्टरला आपण आठवण करून द्यावी लागते, दोनदा तर क्रीम न लावताच ट्रे आला, मी हात पुढे करू दिला नाही. फॉर्म आणि संमतीपत्रं कानडी आणि इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. गावाकडच्या आज्जी-आजोबांना अंगठा लावताना कुणीतरी वाचून दाखवावं लागतं, तक्ता सगळ्यांना समजेल असा लावू शकता तर कागद का नाही? क्रीम बाहेरून स्वतः आणायची, बिलात धरत नाहीत. बिलिंगच्या काउंटरवर डिस्चार्जला दीड तास ठरलेला, रक्त चढून थकलेलं पोर कडेवर घेऊन उभं राहायचं, तिथे बाकडंही नाही. फिजिओ तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असते, पायाच्या पेशंटने चढायचं कसं? पार्किंगला दुचाकी कशीबशी लागते, कार आणू नका.

नवीन येणाऱ्यांसाठी एवढंच, सकाळी साडेनऊच्या आत या, मॅडमचे दिवस फोन करून विचारून घ्या, फुग्यांची बाटली खाली गेटसमोर मिळते पण घरून आणलेली बरी, त्यांच्याकडची सारखी संपलेली असते.

आमची पुढची तारीख सोमवारी आहे. मनूने रविवारी रात्रीसाठी पुरणपोळी सांगून ठेवलीय.